स्वयंसेवक : संस्थेच्या कार्याचा पाया
लातूर-नांदेडच्या अनुभवातून काही विचार

दरवर्षी ५ डिसेंबर हा दिवस जगभर आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन म्हणून पाळला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९८५ साली या दिवसाची घोषणा केली. आपल्याकडेही त्या निमित्ताने एखादी सभा होते, शाल व श्रीफळ देऊन चार जणांचा सत्कार होतो आणि दुसऱ्या दिवसापासून संस्थेचा कारभार पूर्ववत सुरू होतो. संस्थेची वार्षिक योजना तयार करताना प्रथम निधीचा, नंतर इमारतीचा, नंतर पगारी कर्मचाऱ्यांचा विचार होतो. स्वयंसेवकांची आठवण शेवटी येते आणि तीसुद्धा खुर्च्या मांडणे, पाणी वाटणे व गर्दी आवरणे एवढ्यापुरतीच. हा क्रम उलट असावयास हवा, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. कोणते काम स्वयंसेवकांच्या हाती द्यावयाचे हे संस्थेने आधी ठरवावे आणि निधी, कर्मचारी व इमारत यांची जुळवाजुळव त्याभोवती करावी. मराठवाड्यातील वाचकांना हा विचार पुस्तकी वाटण्याचे कारण नाही. त्याची फार मोठी परीक्षा आपल्याच भूमीवर झालेली आहे.

किल्लारीनंतर

३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, लातूर व धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) या जिल्ह्यांना भूकंपाचा धक्का बसला. औसा तालुक्यातील किल्लारी, लोहारा परिसरातील सास्तूर आणि आसपासची गावे काही क्षणांत मातीला मिळाली. शासकीय नोंदीनुसार ७,९२८ माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाची तीव्रता सुमारे ६.२ होती. जगातील मोठ्या भूकंपांच्या तुलनेने ती मध्यमच म्हणावी लागेल. परंतु या भागातील जुनी घरे जाड दगडी भिंतींची होती. दगड मातीच्या गाऱ्यात रचलेले आणि वर लाकडी तुळयांवर मातीचा जड थर असलेले माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे हेच छत झोपेतल्या माणसांवर कोसळले.

पहिल्या आठवड्यात मदतीचा जो ओघ आला त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. देशाच्या कानाकोपऱ्यातून तरुण आले, डॉक्टर आले, सैन्य आले, सर्व धर्मांच्या संस्था आल्या. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले. आपल्या धर्मभगिनी व धर्मगुरूही या मदतकार्यात मागे नव्हते. हे सारे आदरास पात्र आहे. तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक शिकण्यासारखा भाग त्यानंतरचा आहे. छायाचित्रकार परतले, बाहेरचे स्वयंसेवक आपापल्या गावी गेले, आणि मग प्रश्न उरला तो घरे उभी करण्याचा.

महाराष्ट्र शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. पूर्ण उद्ध्वस्त झालेली बावन्न गावे नव्या जागी वसविण्याचे ठरले. ही कामे मुख्यत्वे ठेकेदारांमार्फत आणि गावे दत्तक घेणाऱ्या संस्थांमार्फत झाली. घरे मजबूत झाली, यात शंका नाही. पण कित्येक नव्या गावांची आखणी शहरातील वसाहतीसारखी सरळ रेषेत झाली. शेत दूर गेले, भावकी पांगली, गोठ्याला जागा राहिली नाही. ज्यांच्यासाठी घर बांधले त्यांना ते कसे हवे हे पुरेसे विचारले गेले नाही, असा निष्कर्ष पुढे अनेक अभ्यासकांनी काढला. गावकरी या प्रक्रियेत लाभार्थी होते, त्याहून अधिक काही नव्हते.

ज्या गावांत घरे पडली नव्हती, परंतु त्यांना तडे गेले होते, तेथे वेगळी पद्धत अवलंबिली गेली. अशा घरांची संख्या दोन लाखांच्या घरात होती. घरमालकाने अनुदान घेऊन स्वतःच घराची दुरुस्ती व मजबुतीकरण करावयाचे होते. एवढ्या घरांवर देखरेख ठेवणे सरकारी अभियंत्यांच्या आवाक्यातले नव्हते. शिवाय लोकांचा विश्वासही डळमळीत झाला होता. दगडाच्या भिंतीने बाप मेला, आता पुन्हा त्याच भिंतीत राहावयाचे काय, हा प्रश्न साधा नव्हता. येथे प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेवर लोकसहभागाचे काम सोपविण्यात आले. १९९४ पासून पुढील चार वर्षे बाराशेहून अधिक गावांत हे काम चालले.

या संस्थेने बाहेरून पदवीधर तरुण आणून गावागावांत बसविले नाहीत. प्रत्येक गावातील महिला मंडळातून एक स्त्री निवडली गेली आणि तिला 'संवाद सहायक' असे नाव मिळाले. कोणाला किती अनुदान मिळणार व ते कोणत्या टप्प्यावर मिळणार हे घरोघरी सांगणे, भिंतीत आरपार दगड का घालावयाचा आणि छतावरील मातीचा भार का कमी करावयाचा हे समजून घेऊन इतरांना समजाविणे, गवंड्याच्या कामावर लक्ष ठेवणे, ग्रामसभेत विषय मांडणे आणि अडचणी तालुक्याच्या अभियंत्यापर्यंत पोहोचविणे ही तिची कामे होती. यांपैकी बहुतेक स्त्रियांनी त्याआधी ग्रामसभेत तोंड उघडलेले नव्हते. काहींनी तालुक्याचे कार्यालय आतून पाहिलेही नव्हते.

हे का साधले, याचा विचार केला पाहिजे. या स्त्रिया सेवाभावी होत्या म्हणून साधले, असे म्हणून भागणार नाही. सेवाभाव तर नव्याने वसविलेल्या गावांतील लोकांतही होता. फरक असा होता की येथे संपूर्ण कार्यक्रमाची रचनाच त्यांच्यावर उभी केलेली होती. संवाद सहायक नसती तर माहिती गावात पोहोचण्याचा दुसरा मार्ग नव्हता. तिला नेमके काम होते, ते करण्यापुरते शिक्षण मिळाले होते, आणि तिने सांगितलेली अडचण ऐकून घेणे अधिकाऱ्यांना भाग होते. माहिती, शिक्षण आणि अधिकार या तीन गोष्टी एकत्र मिळाल्या. आपल्या बहुतेक संस्था स्वयंसेवकाला यांपैकी एकही देत नाहीत आणि मग 'आजकाल कोणी पुढे येत नाही' अशी तक्रार करतात.

पवित्र शास्त्राच्या वाचकांना येथे नहेम्याच्या पुस्तकातील तिसरा अध्याय आठवेल. यरुशलेमचा कोट पुन्हा बांधताना कोणी कोणता भाग बांधला याची तेथे लांबलचक यादी आहे. मिस्सामध्ये ती वाचली जात नाही आणि खासगी वाचनातही आपण ती ओलांडून पुढे जातो. परंतु नीट पाहिल्यास अनेकांनी आपापल्या घरासमोरचाच भाग बांधल्याचे दिसते. त्यात सोनार आहेत, अत्तर करणारे आहेत, व्यापारी आहेत आणि एका माणसाच्या मुलीही आहेत. बावन्न दिवसांत कोट उभा राहिला. नहेम्याने माणसे गोळा करून त्यांना उपदेश केला नाही. त्याने प्रथम रात्री फिरून पडझडीची पाहणी केली आणि कामाचे तुकडे पाडले.

भूकंपाच्या कामातून पुढे बचत गट उभे राहिले, आरोग्य व शेतीची कामे निघाली. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूर व धाराशिवकडील या स्त्रिया तेथे गेल्या आणि आपल्यासारख्याच घर गमावलेल्या स्त्रियांशी बोलल्या. २००४ च्या त्सुनामीनंतर हा अनुभव तमिळनाडूच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचला. २०१६ साली संस्थेस संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. प्रेमा गोपालन यांचे २०२२ मध्ये निधन झाले.

नांदेडचा लंगर

आता थोडे उत्तरेस, गोदावरीच्या काठी. १७०८ साली गुरू गोविंदसिंहजींचे नांदेड येथे देहावसान झाले. त्या स्थानी असलेला सचखंड श्री हुजूर साहिब हा शीख बांधवांच्या पाच तख्तांपैकी एक होय. २००८ साली गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला तेव्हा लक्षावधी भाविक नांदेडमध्ये आले. त्या सोहळ्याचे वर्णन करण्याचा येथे हेतू नाही. कोणत्याही साध्या दिवशी लंगरमध्ये जाऊन बसावे आणि पाहावे. एक जण पीठ मळतो, दुसरा पोळी लाटतो, तिसरा ताटे घासतो, चौथा पादत्राणे सांभाळतो. आलेला यात्रेकरू जेवून उठतो आणि त्याला वाटल्यास थेट भांडी घासावयास बसतो. त्याला अर्ज भरावा लागत नाही, ओळख सांगावी लागत नाही. पाच मिनिटांत शिकता येईल आणि अर्ध्या तासात सोडून जाता येईल असे काम तेथे सदैव तयार असते.

आपल्या धर्मग्रामात नवीन आलेल्या तरुणाला असे काम मिळते काय? प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात असे एक युवक मंडळ होते, ज्याला तीन वर्षे सणाच्या वेळी मंडप घालण्यापलीकडे काही सांगितले गेले नाही. चौथ्या वर्षी मंडप घालावयास भाड्याची माणसे आणावी लागली. दोष युवकांचा नव्हता. तो बराचसा आम्हा धर्मगुरूंचाच होता, कारण सर्व निर्णय आमच्या टेबलावर होत असत.

लंगर आणि संवाद सहायक ही स्वयंसेवेची दोन टोके आहेत. एकीकडे कोणीही येऊन तात्काळ करावयाचे लहान काम आहे, दुसरीकडे शिक्षण घेऊन दीर्घकाळ सांभाळावयाची जबाबदारी आहे. संस्थेला दोन्हींची गरज असते. केवळ पहिलेच असेल तर गर्दी जमते आणि पांगते. केवळ दुसरेच असेल तर नवीन माणूस दारातूनच परत जातो.

दुष्काळ आणि श्रमदान

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहरातील पाणी संपले. पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचा आदेश लागू करावा लागला, आणि १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूर स्थानकात आली. त्याच उन्हाळ्यात लातूरच्या नागरिकांनी लोकवर्गणी काढून मांजरा नदीच्या पात्रातील गाळ उपसण्याचे काम केले. त्याच वर्षी पाणी फाउंडेशनची 'वॉटर कप' स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षीच्या तीन तालुक्यांत लातूरच्या शेजारचा अंबाजोगाई तालुका होता. या स्पर्धेत गावांनी श्रमदान केले हे सर्वांनी वाचले आहे. मात्र श्रमदानाआधी प्रत्येक गावातून काही निवडक स्त्री-पुरुषांना निवासी प्रशिक्षणासाठी पाठवावे लागत असे, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. समतल चर कोठे खणावा, उतार कसा मोजावा, हे गावातल्याच माणसाला कळले आणि मगच कुदळी हाती आल्या. प्रशिक्षणावाचून केलेले श्रमदान म्हणजे पुष्कळदा पहिल्या पावसात वाहून जाणारी माती होय.

ख्रिस्तसभेची शिकवण

स्वयंसेवा ही आपल्यासाठी बाहेरून आलेली कल्पना नाही. प्रेषितांच्या कृत्यांतील सहाव्या अध्यायात अन्नवाटपात विधवांची उपेक्षा होत असल्याची कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी ते काम स्वतःच्या अंगावर घेतले नाही. त्यांनी समुदायाला सात माणसे निवडावयास सांगितले आणि त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. निवड समुदायाने केली आणि अधिकार उघडपणे दिला गेला. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम व त्याच्या विद्यार्थी मित्रांनी सुरू केलेली संत विन्सेंट दी पॉल सोसायटी आजही लहान गटांतून गरिबांच्या घरी नियमित भेट देण्याची पद्धत पाळते. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयी आदेश प्रसिद्ध केला. प्रापंचिकाला हे कार्य धर्मगुरूंच्या सवडीने मिळत नाही, तर स्नानसंस्कारानेच मिळते, हा त्याचा गाभा आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 'देऊस कारितास एस्त' या २००५ सालच्या विश्वपत्रात सेवा करणाऱ्याला व्यावसायिक कौशल्य हवेच, परंतु अंतःकरणाची घडणही हवी, असे प्रतिपादन केले आहे. आपण बहुधा दुसऱ्या भागावर भर देतो आणि पहिला विसरतो.

मराठवाड्यात हा केवळ तत्त्वाचा प्रश्न नाही. १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात श्रद्धावंतांची संख्या थोडी आणि अंतरे मोठी आहेत. नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातील एका धर्मगुरूने सर्व वस्त्यांना नियमित भेट देणे अवघडच आहे. पूर्वी गावोगाव फिरणारे धर्मशिक्षक हा भार वाहत असत. त्यात परदेशी निधीचा प्रश्न येऊन मिळाला आहे. विदेशी अंशदान कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला असा निधी देण्यास बंदी घातली. वरच्या संस्थेकडून खालच्या लहान संस्थेकडे पैसा येण्याची वाट त्यामुळे बंद झाली. ज्या सामाजिक केंद्रांचे काम सर्वस्वी पगारी कार्यकर्त्यांवर अवलंबून असेल त्यांच्यापुढे आता दोनच पर्याय आहेत. एक तर काम आटोपते घ्यावे, नाही तर ते गावाच्या हाती द्यावे.

फुकटची सेवा?

येथे एक धोका स्पष्टपणे सांगितला पाहिजे. पैसा कमी पडतो म्हणून स्वयंसेवक शोधणे हा अन्याय ठरू शकतो. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात गावोगाव 'आशा स्वयंसेविका' नेमल्या गेल्या. नाव स्वयंसेविकेचे असले तरी काम हळूहळू दिवसभराचे झाले; मोबदला मात्र कामागणिक राहिला. महाराष्ट्रात २०२१ व २०२४ साली त्यांना संपावर जावे लागले. बाळंतिणीला रात्री-अपरात्री दवाखान्यात नेणाऱ्या स्त्रीला 'तुम्ही तर स्वयंसेविका' असे ऐकवणे शोभत नाही. ख्रिस्तसभेचा कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील २३१ वे कलम प्रापंचिक सेवकांच्या योग्य प्रशिक्षणाविषयी बोलते आणि जे कायमस्वरूपी ख्रिस्तसभेच्या सेवेत आहेत त्यांना कुटुंबाचे पोषण होईल असा योग्य मोबदला मिळण्याचा हक्कही मान्य करते. आमच्या मते रेषा येथे आखावी. आठवड्याचे काही तास, स्वेच्छेने आणि सोडून देण्याच्या मोकळीकीसह दिले जात असतील तर ती स्वयंसेवा. उपजीविकेचा वेळ घेतला जात असेल तर ती नोकरी, आणि नोकरीला वेतन हवे. स्वयंसेवकाचेही प्रवासभाडे व जेवण संस्थेने द्यावे. गरीब माणसाच्या सेवेला त्याच्याच खिशातून तिकीट काढावयास लावू नये.

स्त्रियांच्या बाबतीत हे विशेष जपावे लागते. घर, शेत आणि मजुरी सांभाळून ती सभेला येते. सभा दुपारी ठेवली तर तिची मजुरी बुडते, रात्री ठेवली तर घरी बोलणी बसतात.

योजना करताना

म्हणून स्वयंसेवकांचे वेळापत्रक गावाच्या वेळापत्रकावरून ठरवावे, कार्यालयाच्या नव्हे. जूनमध्ये पेरणी असते, सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी असते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. या महिन्यांत शिबिर ठेवून उपस्थिती कमी झाल्याबद्दल लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. लातूर व नांदेड शहरांत विद्यार्थी पुष्कळ, पण अकरावी-बारावीच्या शिकवण्यांनी त्यांचा दिवस पहाटेपासून बांधलेला असतो. त्यांच्याकडे परीक्षेनंतरच्या सुट्टीतले काम द्यावे. वर्षभराचे काम निवृत्त शिक्षक, परिचारिका, बँकेतील कर्मचारी यांच्याकडे मागावे. हा वर्ग दोन्ही शहरांत मोठा आहे आणि त्याला क्वचितच कोणी काही विचारते.

प्रत्येक कामाचे वर्णन एका कागदावर लिहून काढणे ही पहिली पायरी होय. काम काय, आठवड्याला किती तास, किती महिन्यांसाठी, शिकविणार कोण, आणि अडचण आली तर भेटावयाचे कोणाला. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरून देणे, आजाऱ्याला भेटणे, मुलांचा अभ्यास घेणे, पावसाची व विहिरीच्या पातळीची नोंद ठेवणे अशी कामे या पद्धतीने सहज मांडता येतात. मुलांबरोबर काम करणाऱ्याची मात्र आधी चौकशी झालीच पाहिजे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याची माहिती त्याला द्यावी, आणि कोणीही प्रौढ व्यक्ती मुलासोबत बंद खोलीत एकटी राहणार नाही हा नियम धर्मगुरूंसह सर्वांना लागू असावा. ओळखीचा माणूस आहे, त्याला काय विचारावयाचे, या संकोचाची किंमत मुले मोजतात.

स्वयंसेवकांपैकी निदान दोघे-तिघे धर्मग्राम परिषदेत असावेत व त्यांनी आणलेला प्रश्न विषयपत्रिकेवर यावा. काम संपल्यावर काय झाले हे त्यांना सांगावे. अर्ज भरून दिलेल्या म्हातारीला पेन्शन मिळाली की नाही, हे भरून देणाऱ्याला कळले पाहिजे. आणि प्रत्येक जबाबदारीस मुदत असावी. दोन वर्षांनंतर स्वयंसेवकाने दुसऱ्यास शिकवून आपली वही त्याच्या हाती द्यावी. काही ठिकाणी एकच व्यक्ती पंधरा वर्षे तेच काम करीत असते आणि आपण तिची निष्ठा वाखाणतो. ती आजारी पडली की वही कोठे ठेवली आहे हेही कोणास ठाऊक नसते.